सेवेपुढे देवही थांबतो



दर महिन्यास या पानांतून संतवचनाचे चिंतन होत असते. या खेपेस आम्ही निरूपणास वचन घेतलेले नाही, एक प्रसंग घेतला आहे. आणि तोही आमच्याच फजितीचा. परंतु जो आपली फजिती करून आपल्याला शहाणे करतो तो गुरूच होय. आमचा हा गुरू भगवे नेसणारा नव्हता. तो एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकत होता, आणि त्याचे कपडे मातीने इतके मळले होते की मूळचा रंग कोणता हे सांगता येऊ नये.

आधी शब्द पाहू. पाठशाळेत शिकलेल्या माणसाची ही खोड जात नाही, ती आपण सोसून घ्या. ‘आपत्ति’ हा शब्द ‘आ’ उपसर्ग लागून ‘पद्’ धातूपासून झाला आहे. जे आपण बोलावले नाही, पण जे आपणांवर येऊन कोसळते, ती आपत्ती. दुसरा शब्द ‘स्वयंसेवक’. याचा विग्रह दोन प्रकारांनी करून आम्ही कीर्तनात श्रोत्यांना हसवत असू. जो कोणी न सांगता आपण होऊन सेवा करतो तो स्वयंसेवक, हा एक; आणि जो स्वतःचीच सेवा करतो तोही स्वयंसेवक, हा दुसरा! लोक हसत, आम्हीही हसत असू. पण त्या दिवशी कळले की दुसरा विग्रह आम्हांलाच लागू होता.

आता प्रसंग ऐका.

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा अंथरुणास पाठ टेकती झाली. ३० तारखेच्या पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना धरणी हलली. लातूर आणि उस्मानाबाद, ज्यास आता धाराशिव म्हणतात, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरची किल्लारी, सास्तूर, मंगरूळ अशी नांदती गावे काही क्षणांत दगडमातीचे ढीग झाली. साडेसात हजारांवर माणसे गेली, सुमारे ३० हजार घरे भुईसपाट झाली. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, किल्लारीत लहान लहान हादरे बसत होते. लोक घाबरले, रानात झोपले, मग सवय झाली आणि पुन्हा घरात आले. दख्खनचे पठार म्हणजे निश्चल भूमी, येथे काही होत नाही, असा जाणत्यांचाही समज होता. तो समज त्या पहाटे मोडला. आणि वर पाऊस! सरण रचावे तर लाकूड ओले. एका चितेवर किती जण ठेवले, याचा हिशेब ज्यांनी पाहिला त्यांनाच ठाऊक.

आम्ही त्या वेळी पस्तिशीत होतो. लघुकौमुदी, तर्कसंग्रह झालेले, गीता तोंडपाठ, गळा बरा. बोलावणी येत होती आणि आपल्याला काहीतरी समजते असा भ्रमही होता. आश्विन लागल्यावर लातूरच्या काही सद्गृहस्थांनी निरोप धाडला, “महाराज, लोक खचले आहेत. एक कीर्तन करा, धीर येईल.” आम्ही वीणेकरी, मृदंगी आणि सहा टाळकरी घेऊन टेंपोने निघालो.

गाव म्हणून काही उरलेच नव्हते. बाहेरच्या माळावर पत्र्याच्या शेडांच्या रांगा होत्या. त्यांच्यापुढे मोकळ्या जागेत गॅसबत्ती लावून सतरंजी घातली होती. माणसे येऊन बसली. बसली म्हणजे, ठेवल्यासारखी बसली. कोणी रडतही नव्हते.

आम्ही विषय कोणता घ्यावा? आम्ही प्रारब्ध घेतले! संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भेद सांगितले. सुटलेला बाण जसा परत येत नाही तसे प्रारब्ध भोगल्यावाचून सुटत नाही, हा शास्त्रातला दृष्टांत दिला. वाणी चांगली चालली होती. इतक्यात पुढे बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली. हात जोडून, अगदी हळू आवाजात तिने विचारले,

“बाबा, माजी नात सा महिन्याची व्हती. तिला अजून बोलाया बी येत नव्हतं. तिनं कंचं पाप केलं व्हतं?”

वाचकहो, उत्तर आम्हांस पाठ होते. पूर्वजन्मीचे, असे म्हणायचे. जिभेवर आले देखील. पण त्या माउलीच्या तोंडाकडे पाहिले आणि तो शब्द बाहेर पडेना. पडला असता तर आम्ही आयुष्यभर स्वतःला क्षमा केली नसती. ज्या शास्त्राने स्वतःच्या दुःखात मनुष्य सावरतो, तेच शास्त्र दुसऱ्याच्या दुःखावर आपण फेकले की त्याचा दगड होतो. त्या लोकांच्या अंगावर आधीच पुरेसे दगड पडले होते.

मग आम्ही काय केले? गायक मंडळी जे करतात तेच. उत्तर सुचेना, तेव्हा टाळकऱ्यांना खूण केली आणि नामाचा गजर मोठा करवला. नामाच्या आड लपलो! नाम तारते हे खरे. पण आपली लाज झाकायला ते घ्यावे, हा नामाचा अपमानच नव्हे काय?

गजर चालू असतानाच मागे टँकरचा आवाज आला. माणसांच्या नजरा तिकडे वळल्या, पण कीर्तनातून उठावे कसे म्हणून कोणी उठेना. तेवढ्यात तो मुलगा आला. विशी-एकविशीचा असेल. आमच्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणाला,

“महाराज, चुकत असेन तर माफ करा. टँकर आलाय. ड्रायव्हरला अजून दोन गावं करायची आहेत. कीर्तन थोडा वेळ थांबवता का? आधी पाणी उतरवून घेऊ.”

खोटे कशाला बोलावे? आम्हांला राग आला. नारदाच्या गादीवर उभे असताना आम्हांस असे आजवर कोणी म्हटले नव्हते. गादीचा मान, कीर्तनाची मर्यादा, सारे डोक्यात उसळले. आम्ही काही बोलणार, तोच आमचे वृद्ध मृदंगी, ज्यांना अक्षरओळखही बेताचीच होती, त्यांनी मृदंग गळ्यातून काढून सतरंजीवर ठेवला, शेजारच्या बाईची घागर उचलली आणि ते टँकरकडे चालू लागले. त्यांच्यामागे टाळकरी गेले. वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून वीणेकरी तेवढे आमच्याजवळ राहिले. ते आमच्याकडे पाहून इतकेच म्हणाले, “महाराज, वीट.”

वीट! एका शब्दात कीर्तन झाले. आमच्या दोन तासांच्या निरूपणात जे नव्हते ते त्या एका शब्दात होते.

पंढरीस जो उभा आहे तो कसा उभा राहिला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पुंडलीक आईबापांची सेवा करीत होता. साक्षात परब्रह्म दारी आले. पुंडलिकाने सेवा सोडली नाही. वीट सरकवली आणि ‘यावर थांब’ म्हणाला. आणि देव थांबला! रागावला नाही, ‘माझा मान’ म्हणाला नाही. कटीवर कर ठेवून उभा राहिला तो अजून उभाच आहे. आमचा सारा संप्रदाय त्या एका थांबण्यावर उभा आहे. सेवा चालली असता जर देव थांबतो, तर देवाचे गाणे गाणाऱ्याने का थांबू नये? त्या पोराने आमच्यापुढे वीटच तर सरकवली होती.

आम्ही खाली उतरलो. पाण्याच्या ओळीत उभे राहून हंडे पुढे देऊ लागलो. त्या म्हातारीची घागर एका विद्यार्थिनीने भरून शेडापर्यंत नेली, आणि तिच्या जवळ जमिनीवर बसून राहिली. काही बोलली नाही. त्या प्रश्नाचे जे उत्तर आम्हांला देता आले नाही, ते त्या मुलीने बसून दिले.

त्या रात्री कीर्तन पुढे झाले नाही. आम्ही त्या विद्यार्थ्यांच्या तंबूत मुक्काम केला. ती मुले महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची होती. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतून ही योजना सुरू झाली. तिचे बोधवाक्य आहे, ‘मी नव्हे, तर तुम्ही’. पाहा हो, अहंकार गळावा म्हणून आम्ही जन्मभर माळ ओढतो, आणि ही मुले ते छातीवरच्या बिल्ल्यावर लावून हिंडत होती.

त्यांची कामे ऐकाल तर थक्क व्हाल. पहिले काही दिवस ढिगारे उपसणे आणि अंत्यसंस्कार. मग याद्या. कोण गेले, कोण दवाखान्यात, कोणाचे लेकरू कोणापाशी. शिधापत्रिका ढिगाऱ्यात गेलेल्या, तेव्हा तलाठ्यापुढे अर्ज लिहून द्यायला लिहिता येणारा माणूस हवा. मुलींनी बायकांसाठी न्हाणीला आडोसे उभे केले. बाळंतिणी शोधून काढल्या, कारण बाईची अडचण बाई बाईलाच सांगते. इकडे शहरात राहिलेली मुलेही रिकामी नव्हती. कोणी रक्त दिले, कोणी रुग्णालयात परक्या माणसाच्या उशाशी रात्र काढली, वसतिगृहातल्यांनी एक वेळचे जेवण सोडून ते पैसे धाडले. प्राध्यापक, कारकून, शिपाई, खानावळीतल्या स्वयंपाकीण बाई, सारे या कामात होते. दिंडीत कोणी वीणा घेतो, कोणी पताका, कोणी तुळस आणि कोणी नुसता पाण्याचा हंडा. दिंडी मात्र एकच असते. तसे ते महाविद्यालय झाले होते.

सकाळी त्या मुलाने आम्हांला एक ढीग दाखवला. कपड्यांचा ढीग, माणसाहून उंच, पावसाने भिजलेला. देशभरातून आलेले जुने कपडे. त्यात कोट होते, फाटके झगे होते, एकेकटा बूट होता. नऊवारी नेसणाऱ्या शेतकरणीने त्याचे करावे काय? मुलगा म्हणाला, “महाराज, हे निवडण्यात आमचे पन्नास हात अडकलेत. आम्हांला हवी होती बॅटरी, ताडपत्री आणि चुलीवर ठेवायला पातेलं.”

गीतेचा सतरावा अध्याय आम्ही शंभर वेळा सांगितला असेल. दान तीन प्रकारचे. योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसास, परतफेडीची आशा न धरता दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेले ते राजस. आणि भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी, घेणाऱ्याचा मान न राखता दिलेले ते तामस. हे सारे त्या माळावर मूर्तिमंत उभे होते. मालमोटारीवरून भाकरीची पुडकी फेकली जात, आणि काल ज्याच्या ओसरीवर पंगती उठत तो शेतकरी ती झेलायला हात वर करी. हे तामस. फलक धरून छायाचित्र निघेपर्यंत घोंगडी हातातून न सोडणारे होते, ते राजस. आणि ती मुले दारोदार जाऊन विचारत, “मावशी, काय हवंय?” हे सात्त्विक. विचारणे हेच त्या दानाचे सत्त्व. विचारल्यावाचून दिले की आपण आपली अडगळ काढतो. विचारून दिले की त्याची गरज भागते.

त्यांच्याबरोबर एक प्राध्यापक होते. रात्री म्हातारीचा प्रश्न आम्ही त्यांना सांगितला. त्यांनी आम्हांला एका पडक्या भिंतीपाशी नेले. म्हणाले, “महाराज, त्या लेकरानं पाप केलं नव्हतं. ही भिंत पाहा. दोन-तीन फूट जाड, पण दगड चिखलात बसवलेले. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये भर. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगडच नाही. हादरा बसला, दोन थर एकमेकांपासून फाकले, आणि वरचे मातीचे जड माळवद खाली आले.”

आम्ही त्या भिंतीकडे किती वेळ पाहत राहिलो. ‘का’ या प्रश्नाचे जेवढे उत्तर माणसाला देता येते तेवढे त्या भिंतीत होते. आणि त्या उत्तराने म्हातारीचा अपमान होत नव्हता, उलट पुढच्या नातीचा जीव वाचत होता. पुढे खरेच तसे झाले. ५२ गावे नव्या जागी वसली. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने इतर असंख्य गावांतली घरे दुरुस्त झाली. गवंड्यांना शिकवले गेले की भिंतीत आरपार बांधणी घाला, माळवदाचा भार कमी करा. गावोगावच्या बायकाही घरमालकिणी म्हणून त्या कामावर देखरेख करू लागल्या. याला म्हणावे विद्या. महाविद्यालय याचा अर्थ मोठ्या इमारतीचे विद्यालय असा नव्हे. जेथली विद्या दुसऱ्याच्या छपराखाली कामास येते ते महाविद्यालय.

आणि आम्हांला तर त्या भिंतीत समाजच दिसला. शहराचा थर वेगळा, खेड्याचा वेगळा; शिकल्यांचा वेगळा, अडाण्यांचा वेगळा. बाहेरून भिंत भक्कम दिसते. पण आरपार जाणारा दगड नसला तर पहिल्या हादऱ्यात फाकते. ती मुले आरपारचे दगड होती. संतही तेच होते. एकोबारायांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगा तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे उघडली आणि मान पणास लावली. तुकोबारायांनी तर १६३० च्या दुष्काळात घरची माणसे गमावली. आणि त्या दुःखातून उठल्यावर आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. दुष्काळ का पडला, याचा निवाडा करीत ते बसले नाहीत. कर्जाखाली दबलेल्याला त्यांनी मोकळे केले. गाडगे महाराज आधी गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. हा क्रम आम्ही विसरलो होतो. खराटा आधी, टाळ मागून.

आता शेवटची गोष्ट, कारण तिच्यावाचून हे निरूपण अपुरे राहील.

एक वर्षाने, १९९४ च्या पितृपक्षात, आम्ही पुन्हा त्या माळावर गेलो. मालमोटारी गेल्या होत्या. फलक गेले होते. पुढारी, पत्रकार, आमच्यासारखे कीर्तनकारही गेले होते. रविवार होता. पत्र्याच्या शेडीत तो मुलगा लेकरांना गणिते शिकवीत बसला होता. आम्ही विचारले, “किती जण येता रे आता?” म्हणाला, “सुरुवातीला साठ होतो. आता नऊ आहोत.” आम्ही हळहळलो. तर तो हसून म्हणाला, “नऊ पुरतात, महाराज. रविवारी कोणीतरी येतं, हे पोरांना माहीत असलं की बास.”

सज्जनहो, पांडुरंगाचे माहात्म्य तो आला यात जितके आहे तितकेच तो उभा राहिला यात आहे. येणारे पुष्कळ असतात. गर्दी सरल्यावर जो उभा राहतो तो विठ्ठल. ती म्हातारी तेथेच होती. आम्हांस ओळखले. म्हणाली, “बाबा, त्या दिशी तुमी हंडा उचलला व्हता.” आमचे निरूपण तिच्या लक्षात नव्हते. देवाची केवढी दया!

त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर वेढले, जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. दर वेळी महाविद्यालयीन मुले फावडी घेऊन परक्यांच्या घरातला चिखल काढायला गेली. ‘आजची पिढी बिघडली’ असे जो कोणी आमच्याजवळ म्हणतो, त्याला आम्ही विचारतो, “तू त्या चिखलात होतास काय?”

म्हणून वारकऱ्यांजवळ आमचे चार शब्दांचे मागणे आहे. आपत्ती कोसळली की दिंडीने, फडाने, गावच्या भजनी मंडळाने काही पाठवण्याआधी विचारावे. आपल्याला जे नको ते देऊ नये, त्याला जे हवे ते द्यावे. जवळच्या महाविद्यालयाची मुले निघाली असतील तर त्यांच्या हाताखाली काम करावे. वय आडवे आणू नये. पहिल्या आठवड्यात गर्दी करण्यापेक्षा तिसऱ्या महिन्यात जावे. आणि दुःखिताला त्याच्या दुःखाचे कारण सांगू नये. त्याने विचारले आणि उत्तर येत नसेल तर त्याची घागर उचलावी.

त्या माळावर अर्धे राहिलेले कीर्तन आम्ही पुढे कधीच पुरे केले नाही. करावेसे वाटले नाही. ते ज्याने थांबवले त्यानेच पुरे केले, अशी आमची भावना आहे.

रामकृष्ण हरि.